टाकीच्या तळातल्या सुया

रेश्मानं पंधराव्या ओळीतल्या नळीच्या टोकाची टोपी काढली. आधी गढूळ पाणी आलं, मग दुधासारखं आलं, आणि त्या दुधाबरोबर चमचमणारा पांढरा चुरा तिच्या तळहातावर येऊन पडला. तिनं तो बोटांनी चोळला. वाळूसारखा खरखरीत लागला नाही. वाळू असती तर फिल्टरनं अडवली असती.

मे महिन्याचा तिसरा आठवडा चालू होता. सणसरच्या त्या तीन एकरांत डाळिंबं पेरूएवढी झाली होती, आणि नेमक्या याच दिवसांत ठिबकच्या नळ्या एकामागून एक बुजत चालल्या होत्या. पंप चालायचा, काटा दाब दाखवायचा, पण झाडाच्या बुडात थेंब नाही. दहा ओळी अर्धवट ओल्या, बारा ओळी कोरड्या ठणठणीत. दोन झाडांवर फळं तडकलेली तिनं कालच बघितली होती. मुळाला पाण्याची ओढ बसली आणि मग एकदम पाणी लागलं की डाळिंबाची साल उलते. मग त्या फळाला कुणी हात लावत नाही.

"बघितलंस का?" तिचा नवरा रणजित बांधावरून म्हणाला. "दोनदा ॲसिड सोडलं. दुकानदार म्हणाला, पाण्यातला क्षार हाय, ॲसिडनं धुऊन निघंल. निघाला का? न्हाय. म्हंजे क्षार न्हाईच हा. कुणीतरी मुद्दाम टाकलेली चीज हाय."

"कुणी टाकली?"

"खताची टाकी कुणाच्या हातात असती?"

रेश्मा उठून उभी राहिली. खताची टाकी गेली अठरा वर्षं झुंबरतात्यांच्या हातात होती. रणजित शाळेत होता तेव्हापासून हा माणूस या घरच्या मोटरी चालवत होता, पाणी देत होता. तात्यांचं गाव कळंब. सकाळी सातच्या ठोक्याला त्यांची सायकल शेडला टेकलेली असायची. आज मात्र ती दिसली नव्हती.

"तात्या आलं न्हाईत आज?"

"येणार न्हाईत." रणजितनं मान दुसरीकडं वळवली. "काल सांजंला खताच्या दुकानात गाठ पडली. सांगितलं त्यास्नी, उद्यापासनं येऊ नका. जावयानं कळंबात यंदाच पेरूची बाग लावलीय, तिला खत लागत असंल. आमचं चांगलं खत तिकडं, आन् आमच्या टाकीत हे असलं."

"दुकानात? चार लोकांत म्हणलात?"

"चार लोकांतच टाकलं पाह्यजे असल्याचं माप पदरात."

 तिनं ओढणीच्या टोकात तो चुरा बांधला, घट्ट गाठ मारली आणि विचारलं, "काय टाकलं त्यांनी?"

"म्हंजे?"

"हे काय हाय? मीठ, तुरटी, साखर, चुना? तुमी माणसावर चोरी घातलीत, तर चोरीचा माल काय हाय ते तरी ठाऊक पाह्यजे."

"काय का असंना!"

"काय का असंना न्हाय," ती म्हणाली. "हे काय हाय ते मी हुडकून काढते. तवर तात्यांच्या जागी कुणाला ठेवू नका."

हे ती रागानं बोलली नव्हती. पण रणजितला तिचा हा सूर माहीत होता. लग्नाआधी रेश्मा बारामतीच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होती. दोन वर्षं भूशास्त्र शिकली, तिसऱ्या वर्षाच्या आधी लग्न झालं आणि पुस्तकं माळ्यावर गेली. तिचा सगळ्यात आवडता विषय होता खनिजं ओळखण्याचा. मास्तर लाकडी ट्रेमध्ये दहा खडे मांडायचे. खड्यावर नाव नसायचं, नुसता आकडा असायचा. रंग बघा, चमक बघा, खरखरीत फरशीवर घासून कस बघा, कशानं ओरखडा उठतो ते बघा, फुटतो कसा ते बघा, हातात जड लागतो की हलका ते बघा, आणि सगळ्यात शेवटी नाव लिहा. नाव आधी लिहून मग त्याला गुण चिकटवणाऱ्या पोरांचे मास्तर अर्धे मार्क कापत.

चुऱ्यावर एवढं सगळं करता येण्यासारखं नव्हतं. खडा मोठा हवा. तो मिळाला तर मुळाशीच मिळणार, म्हणून ती शेडमध्ये गेली आणि खत विरघळवून ठिबकात सोडायच्या काळ्या टाकीत डोकावली. टाकीची तोटी तळापासून चार बोटं वर होती. म्हणजे टाकी रिकामी झाली असं आपण म्हणतो तेव्हाही चार बोटं पाणी आत साचूनच राहतं. ते पाणी तिनं मगानं उपसून काढलं, हातात रबरी मोजे घातले आणि कमरेपासून टाकीत वाकली. तळाला खपली धरली होती. उलथन्यानं खपली सुटली तशी ती उचलून तिनं उन्हात धरली, आणि बघतच राहिली.

खपलीवर सुया उगवल्या होत्या. बारीक, लांब, काचेसारख्या. काही तांदळाएवढ्या, दोन-तीन तर बोटाच्या पेराएवढ्या. टाकीबाहेर येताच त्या उन्हात लखलखल्या.

घरी ओसरीवर सासरे बसले होते. गेणबा नाव त्यांचं, घरात सगळे आबा म्हणायचे. एप्रिलमध्ये पुण्याला त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हापासून रानात जाणं बंद होतं आणि जीव मात्र रानातच अडकला होता. सुनेच्या ताटलीतली खपली बघून ते म्हणाले, "साखर हाय ही. साखरंचा पाक आळला म्हंजे असंच खडं धरतं."

"बघू की आबा. खोटं कशाला म्हणू?"

तिनं एक खडा स्वच्छ धुतला आणि ओसरीच्या कडेनं मुंग्यांची रांग चालली होती तिच्यात ठेवला. मुंग्या आल्या, खड्याला वळसा घालून पुढं गेल्या. आबा वाकून वाकून बघत होते. "न्हाय," ते शेवटी म्हणाले, "मुंगी फसत न्हाय."

मीठ आणि तुरटी ओळखायची तर जिभेला लावून कळलं असतं, पण खताच्या आणि ॲसिडच्या टाकीतली वस्तू तोंडात घालण्याइतकी ती वेडी नव्हती. तिनं तीन पेले मांडले. एकात मीठ, एकात कुटलेली तुरटी, एकात कुटलेली खपली, तिन्हींत चमचाभर आणि वर पाणी. मीठ ढवळताच गेलं. तुरटी पाच-दहा मिनिटांत गेली. खपलीचा चुरा होता तसा तळाशी बसला. तासाभरानंही बसलेलाच होता.

मग राहिला चुना, म्हणजे दुकानदारानं सांगितलेला क्षार. अंघोळीच्या बंबाच्या आत पाण्याचा पांढरा थर साचतो, त्याची एक पोपडी तिनं खरवडून आणली. पोपडीवर रणजितनं आणलेल्या ॲसिडचा थेंब सोडला, तर फस्सकन फेस आला. खपलीवर थेंब सोडला. खपली गप्प. दुसरा थेंब, तिसरा थेंब. काहीच नाही.

"म्हणून ॲसिडनं नळ्या सुटल्या न्हाईत," ती स्वतःशीच म्हणाली.

काच असेल का, अशीही एक शंका तिला होती. तिनं मोठ्यातली सुई धरली आणि तिच्यावरून अंगठ्याचं नख ओढलं. सुईवर पांढरी रेघ उठली. नखानं! नखाला दाद देणारी खनिजं ती किती? ट्रेमधले खडे एकामागून एक तिच्या डोळ्यांपुढं येऊ लागले, आणि त्यातला एक खडा आपलं नाव सांगायलाही लागला. पण तिनं ते नाव ओठावर येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी-कालवण उरकून ती स्कूटीवरून बारामतीला निघाली. डब्यात कापूस आणि कापसात खपली.

शाहीन तिच्या वर्गातली. तिनं शिक्षण पुरं केलं आणि आता त्याच कॉलेजात भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होती. परीक्षा संपल्यामुळं कॉलेजात शुकशुकाट होता. शाहीननं डबा उघडला, भिंगातून एकदा बघितलं आणि गालात हसली.

"तुला कळलं," रेश्मा म्हणाली.

"कळलं. पण मी सांगणार नाही. तू कर. तिसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल तुझं राहिलंय."

"शाहीन, थट्टा नको गं. एका माणसाची भाकरी अडकलीय ह्यात."

शाहीनचं हसू मावळलं. तिनं स्टूल पुढं सरकवलं. "म्हणूनच तू कर. मी सांगितलं तर घरी जाऊन तू म्हणशील, शाहीन म्हणाली. तुझे नवरोबा म्हणतील, कोण शाहीन? तू स्वतः करून गेलीस तर तुला कुणी हलवू शकणार नाही."

मग दोघी बसल्या. रंग नाही, पारदर्शक. चमक काचेसारखी, पण एका बाजूनं मोत्यासारखी. कस पांढरा. नखानं ओरखडा उठतो, म्हणजे कठीणता दोनच्या आसपास. रेश्मानं दाढीच्या पात्याचं टोक एका जाड सुईच्या कडेला लावलं आणि हलकेच दाबलं. सुई उभी चिरत गेली आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ पान सुटून आलं. ते पान तिनं चिमट्यानं वाकवलं. वाकलं, मोडलं नाही. सोडलं, तर वाकलेलंच राहिलं.

"अभ्रक असतं तर?" शाहीननं विचारलं.

"परत सरळ झालं असतं."

खपलीचा मोठा तुकडा त्यांनी आधी हवेत तोलला, मग दोऱ्यानं पाण्यात लोंबकळता ठेवून तोलला. हवेतल्या वजनाला पाण्यातल्या घटीनं भागलं, भागाकार आला सव्वादोनच्या जवळ. हलका खडा. सूक्ष्मदर्शकाखाली दोन सुया एकमेकींना जोडून उगवलेल्या सापडल्या, टोकाला मधोमध खाच, भिंगरी पाखराच्या शेपटीसारखी. शेवटी चार सुया कोरड्या परीक्षानळीत घालून खाली ज्योत धरली. काचेसारख्या सुया बघता बघता खडूसारख्या पांढऱ्या झाल्या आणि नळीच्या वरच्या थंड भागात पाण्याचे थेंब जमले. वरून कोरडा दिसणारा खडा पोटात पाणी बाळगून होता.

रेश्मानं पेन घेतलं आणि वहीत सगळ्यात शेवटी नाव लिहिलं : जिप्सम.

लिहिताना तिला जो आनंद झाला तो फार वेळ टिकला नाही. पेन खाली ठेवता ठेवता तिला शेडमधली पोती आठवली. जिप्सम! उसाच्या खारवट तुकड्यात टाकायला गेल्या वर्षी रणजितनं जिप्समची पोती आणली होती. त्यातली सहा पोती अजून शेडमध्ये पडून होती. खताच्या टाकीपासून दहा पावलांवर.

"काय झालं गं?" शाहीननं विचारलं.

"मी तात्यांना सोडवायला निघाले होते," ती म्हणाली, "आन् त्यांच्याच गळ्यात फास अडकवला."

शाहीननं ज्योत विझवली. मग म्हणाली, "खडा काय आहे ते कळलं. कुठून आला ते अजून कुठं कळलंय?"

घरी आल्यावर रेश्मानं लपवाछपवी केली नाही. वही रणजितपुढं ठेवली. त्यानं नाव वाचलं आणि वही मिटली.

"मी काय म्हणत व्हतो? पोती आपल्याच शेडात. एक पोतं खताचं काढायचं, एक पोतं जिप्समचं वतायचं. झालं काम."

"चला शेडात," रेश्मा म्हणाली.

"आता आणखी काय?"

"चला तर."

आबाही काठी टेकत मागून निघाले. शेडमध्ये तिनं जिप्समची पोती मोजली. सहाच्या सहा, सहाही शिवलेली. एका पोत्याची शिवण उसवून तिनं मूठभर माल काढला. मातकट, दमट, पिठासारखा. तळहातावर एका बाजूला ते पीठ, दुसऱ्या बाजूला काचेच्या सुया.

"हे पीठ टाकीत वतलं असतं तर तळाला पिठाचा गाळ बसला असता. ह्या सुया बघा. टोकं शाबूत, अंगाला माती न्हाय. ह्या बाहेरनं आल्या न्हाईत. टाकीतच उगवल्या, आन् चांगल्या महिना-दीड महिना उगवत व्हत्या."

"आन् उगवल्या कशातनं?" रणजितनं विचारलं. आवाजात धार होती, पण आता तो खरंच विचारत होता.

तेच तिला ठाऊक नव्हतं. ती खताच्या पोत्यांपुढं उकिडवी बसली आणि त्यांच्यावरची अक्षरं वाचू लागली. जिप्सम म्हणजे कॅल्शियम, सल्फेट आणि पाणी. एका पोत्यावर होतं कॅल्शियम नायट्रेट, फळ तडकू नये म्हणून देतात ते. शेजारच्या पोत्यावर शून्य-शून्य-पन्नास, फळ फुगवायला. त्याच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, पोटॅशियम सल्फेट.

तिनं घरातनं दोन काचेचे पेले आणले. एकात कॅल्शियम नायट्रेट विरघळवलं, एकात शून्य-शून्य-पन्नास. थोडा वेळ गेला, पण दोन्ही पाणी नितळ झालं. आरपार बोटं दिसावीत इतकं नितळ. मग तिनं एक पेला दुसऱ्यात ओतला.

क्षणभर काही झालं नाही. मग मधोमध धुक्यासारखं काहीतरी उमललं, पसरलं, आणि पेला बघता बघता दुधानं भरल्यासारखा पांढरा झाला.

"आयला!" आबा म्हणाले.

रणजित पेला हातात घेऊन हलवत राहिला. पांढऱ्यात रेशमासारखी चमक फिरत होती. तो म्हणाला, "म्हंजे तात्यांनी दोन्ही खतं एकदम टाकली."

"व्हय."

"वेगवेगळ्या वारी सोडायची, असं दुकानदारानं पयल्यांदाच सांगितलं व्हतं. तू कागद लिहून चिकटवलायस भिंतीला. सोमवारी हे, गुरुवारी ते. तरी एकदम टाकली. चोरी न्हाय तर न्हाय, पण हयगय तर हाय का न्हाय? बाग तर त्यांच्यामुळंच गेली का न्हाय?"

 कागद तिच्याच अक्षरात समोर भिंतीवर होता. अठरा वर्षांत तात्यांनी सांगितलेल्यात काडीचा फरक केला नव्हता. मग आताच का केला? हे विचारायला एकच माणूस होता.

कळंबला तात्यांचं घर गावाच्या कडेला. तात्या दारात बसून खुरप्याला मूठ बसवत होते. रेश्माला बघून ते उठले, पोत्याचं आसन झटकून पुढं टाकलं, आत बघून चहा ठेवायला सांगितलं. वागण्यात तसूभर फरक नाही. 

"तात्या, एक विचारायचं हाय. खरं सांगायचं. कॅल्शियम आन् शून्य-शून्य-पन्नास तुमी एकदम टाकीत घालत व्हतासा का?"

तात्यांनी खुरपं बाजूला ठेवलं. "व्हय."

"कधीपासनं?"

"एप्रिलापासनं."

"का पण? कागद तर..."

तात्या जमिनीकडं बघत राहिले. मग अवघडून म्हणाले, "वैनी, तुमीच म्हणला व्हतासा की."

"मी? कधी?"

"आबांचं ऑपरेशन व्हतं बघा. मालक आठ दिस पुण्याला. तुमी एकट्या. त्यात लायटीचं टायमिंग बदललं, आठवड्यातनं एकच दिस धड लाईट. मी इचारायला आलो तर तुमी फोनवर डॉक्टरसंगं बोलत व्हता. मला हातानंच थांबा म्हणलासा, आन् मग म्हणलासा, तात्या, दोन्ही एकदमच सोडून द्या, वाट बघू नका. म्या सोडलं."

आता तिला आठवलं. फोन कानाला, समोर तात्या टोपी हातात घेऊन उभे, चुलीवर दूध वर येत होतं, आणि तिकडून डॉक्टर सांगत होते की टाके ओले आहेत. ती खरंच तसं म्हणाली होती. एका आठवड्यापुरतं म्हणाली होती. पण "एका आठवड्यापुरतं" हे शब्द मनातच राहिले होते.

"मग लाईट सुधारल्यावर?"

"तुमी बंद करा म्हणला न्हाईसा."

"आन् हे तुमी दुकानात का बोलला न्हाईत? ते चार लोकांत तुमाला चोर म्हणत व्हते तवा?"

तात्यांच्या कपाळाला आठी पडली, जणू तिनं काही भलतंच विचारलं. "दुकानात? घरच्या बाईमाणसाचं नाव चार लोकांत काढू व्हय मी?"

रेश्मानं चहा संपवला. कप विसळून ठेवला. उठताना म्हणाली, "तात्या, मी येते. आन् तुमाला न्यायला परत येते, एकटी येणार न्हाय."

"वैनी, मालकास्नी ह्यातलं काय सांगू नका. मला हितं काम मिळंल."

"ते माझ्यावर सोडा."

वाटेत वालचंदनगरच्या फाट्यावर तिनं स्कूटी उभी केली. ट्रॅक्टर जात-येत होते. सांगितलं नाही तर काय होईल, हा विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही. रणजितला जे वाटतंय ते वाटू द्यायचं, तात्यांना हयगय माफ करून परत आणायचं, आणि सगळं गोड. तात्या मरेपर्यंत बोलले नसते. पण काल शाहीनच्या टेबलाशी बसून तिनं एकेक गुण तपासला होता तो कशासाठी? खड्यानं जे आहे ते सांगितलं. आता तिनं अर्धं सांगायचं? तिनं ओढणी खोचली आणि किक मारली.

रणजित ओसरीवरच होता. आबा शेजारी.

"मी सांगितलं व्हतं," ती चपला काढायच्या आधीच म्हणाली.

"काय?"

"दोन्ही खतं एकदम सोडायला. एप्रिलात. तुमी पुण्याला व्हता तवा. तात्यांनी माझं ऐकलं. चूक माझी हाय."

रणजित तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास आला, मग राग, आणि राग कुणावर काढावा हे न कळून तो तसाच अडकून राहिला.

"तीन दिस तू ह्याच्या मागं लागलीस," तो म्हणाला, "ते स्वतःवर आणायला?"

"कुणावर आणायचं ते ठरवून लागले नव्हते. काय हाय ते बघायला लागले व्हते."

"बाग गेली ना पण!"

"गेली न्हाय. बारा ओळी बुजल्यात. आन् आता काय अडकलंय ते ठाऊक हाय. ॲसिडची त्याला गरज न्हाय. साध्या पाण्यात ते जातं, पण थोडं थोडं जातं, पाणी भरपूर लागतं. शाहीनला फोनवर विचारलं मी. नळ्या पाण्यात भिजत ठेवायच्या, ठोकायच्या, टोपी काढून पाणी सोडायचं, परत भिजवायच्या. आठ-दहा दिस. माणूस मात्र हाताला सवय असलेला पाह्यजे."

रणजित उठून अंगणात गेला, तोंडावर पाणी मारलं, परत आला.  तेव्हा आबा बोलले. काठी दोन्ही हातांनी धरून, खाली बघत.

"रणजित, सुनंनं तिची चूक कबूल केली. चोर म्हणलं ते कुणी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-बायको मोटारसायकलवरून कळंबला गेले.  तात्यांच्या दारात रणजितनं वाकून पायाला हात लावला आणि म्हणाला, "तात्या, चुकलं माझं. दुकानात चला. तितंच बोललो व्हतो, तितंच सांगतो."

"कशाला आता..."

"चला. मला सांगितल्याबिगर झोप लागायची न्हाय."

दुकानात त्या वेळी सात-आठ माणसं होती. रणजितनं घसा खाकरला आणि सांगितलं. नीट जमलं नाही त्याला. मधेच अडखळला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण सांगितलं. दुकानदारानं विचारलं, "मग नळीत व्हतं काय?" तेव्हा रेश्मा पुढं झाली आणि तिनं काउंटरवर दोन पेले मागून घेतले. पेला पांढरा झाला तसे लोक वाकून बघू लागले. एकजण म्हणाला, "आमच्याबी टाकीत असंच व्हतंय की हो!" आणि दुकानदारानं तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत कॅल्शियमची पोती शून्य-शून्य-पन्नासच्या थप्पीपासून लांब सरकवायला लावली, जसं काही ती पोत्यातूनच एकमेकांना भिडणार होती.

तात्यांनी कामावर यायला एक अट घातली. "वैनी, तोंडी न्हाय. हितनं फुडं खताचं जे काय असंल ते कागदावर. बदल असला तर नवा कागद. आन् खाली सही."

"कुणाची?"

"तुमची. आन् वाचून घेतलं म्हणून माझी."

त्याच दुपारपासून काम सुरू झालं. कालव्याला आवर्तन होतं, पाण्याची चणचण नव्हती. एकेक नळी मोकळी करायची, पाण्यानं भरून ठेवायची, दुसऱ्या दिवशी लाकडी हातोडीनं थेंब सोडणाऱ्या ड्रिपरवर हलके ठोके द्यायचे आणि पाणी सोडायचं. रेश्मा, रणजित आणि तात्या उन्हात ओळीनं बसायचे. पहिले तीन दिवस काहीच हाती लागलं नाही. चौथ्या दिवशी रणजित म्हणाला, "नवीन नळ्याच आणू." रेश्मा म्हणाली, "आठ दिवस म्हणलेय. आठ होऊ द्या." टाकीत उरलेल्या सुयांचा एक झुबका तिनं बादलीभर पाण्यात टाकून ठेवला होता, रोजचं पाणी बदलत होती, आणि रोज सकाळी त्या सुया थोड्या थोड्या बारीक झालेल्या तिला दिसत होत्या. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. फक्त बघायची आणि हातोडी घेऊन रानात जायची.

सातव्या दिवशी अकराव्या ओळीला थेंब आला. मग नवव्या, मग तेराव्या. दहा दिवसांत बारातल्या नऊ ओळी सुटल्या. तीन मेल्याच. त्या कापून नव्या टाकाव्या लागल्या, आणि त्या तीन ओळींवरची जवळजवळ सगळी फळं तडकली. ती फळं रेश्मानं स्वतः तोडली, टोपल्यात भरली आणि गोठ्यात नेऊन टाकली. ते काम तिनं दुसऱ्या कुणावर सोडलं नाही.

जूनच्या पहिल्या सोमवारी तात्या टाकीजवळ उभे होते. टाकीची तोटी आता अगदी तळाशी बसवली होती आणि शेजारी दुसरी निळी टाकी आली होती. रेश्मानं नवा कागद पुढं केला. तात्यांनी चष्मा लावला, अक्षरन् अक्षर बोटानं धरून वाचलं, मग कागद तिला परत दिला.

"वार घातला न्हाईसा," ते म्हणाले.

रेश्मानं कागद शेडच्या पत्र्यावर टेकवला आणि वार घातला.